घोड्याच्या ट्रामचा माग काढायचाय? मग रूळ नाही, घोडा शोधा

स्वित्झर्लंडमधे म्युरेन नावाचं एक गाव आहे, कड्याच्या काठावर, १६०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर. १८९१ मधे खालच्या लाउटरब्रुनेनहून तिथे रेल्वे आली, पण स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि मोठं हॉटेल पलीकडे, मग पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका न्यायला मधे अरुंद रूळ टाकून घोड्याची छोटीशी ट्राम चालवली. अंतर इतकंसं की चर्चगेट स्टेशनहून हुतात्मा चौकापर्यंत आपण चालत जातो ना, तेवढंही नाही. ही ट्राम केव्हाच गेली. पण मला तिचं फार अप्रूप आहे, कारण एवढ्याशा अंतरासाठी कुणीतरी घोडा पाळला, त्याला रोज खाऊपिऊ घातलं, रूळ साफ ठेवले, या सगळ्याच्या खुणा कुठेतरी राहिल्याच असणार असं वाटतं.

आता म्युरेनला जाणं आपल्या खिशाला कुठलं परवडायला, पण असल्या बुजलेल्या ट्रामचा इतिहास शोधायचा सराव मुंबईत फुकटात करता येतो. मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी हेच करतोय. तेव्हा ज्यांना कुठल्याही जुन्या घोडा ट्रामचा, मग ती मुंबईची असो नाहीतर कुठल्या डोंगरावरच्या हॉटेलची, माग काढायचा आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहून ठेवतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रूळ शोधत बसू नका. सगळे तिथेच अडकतात, मीही सुरुवातीची दोन वर्षं रस्ते खणलेले दिसले की वाकून बघायचो. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात रस्त्याखालून रूळ निघाले तेव्हा माझ्या फोनवर पन्नास लोकांनी फोटो पाठवले की बघ तुझी घोड्याची ट्राम. पण ते रूळ विजेच्या ट्रामच्या काळातले. घोड्यांची ट्राम बंद पडून विजेची आली की रूळ उखडतात, जड टाकतात, मग ट्रामच बंद होते, वर डांबर चढतं. घोड्याच्या काळातला लोखंडाचा तुकडा हाती लागणं जवळजवळ अशक्य. पण घोडा हा जिवंत प्राणी, त्याला पाणी लागतं, चंदी म्हणजे दाणा लागतो, नाल लागते, विश्रांती लागते, आजारी पडला तर डॉक्टर लागतो, आणि चढ आला की तो थकतो. या प्रत्येक गरजेने शहरात कुठेतरी एक जागा तयार केलेली असते, आणि त्या जागा रुळांपेक्षा जास्त टिकतात.

आधी तारखांची चाळणी करून घ्या, नाहीतर सगळा गोंधळ होतो. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ ला. स्टर्न्स आणि किट्रेज यांना परवाना मिळाला होता, कंपनीचं नाव बॉम्बे ट्रामवे कंपनी. मार्ग दोन, एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुनीला. १९०५ मधे पालिका, ट्राम कंपनी आणि विजेवाले यांच्यात करार झाला आणि त्यातूनच बेस्टचा जन्म. विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ ला. डबल डेकर ट्राम आली १९२० मधे. आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, संपलं.

ही चार-पाच वर्षं पाठ असली की जुना फोटो हातात आल्यावर अर्धं काम तिथेच होतं. ट्रामच्या वर तार दिसतेय? मग १९०७ नंतरचा. दोन मजले आणि वर तार? मग १९२० नंतरचा. तार नाही आणि पुढे घोडा आहे, तर आपल्या कामाचा, पण तरी चाकांच्या खाली बघा, रूळ दिसतायत का, कारण व्हिक्टोरिया आणि इतर घोडागाड्यांचे फोटोसुद्धा लोक बिनधास्त घोडा ट्राम म्हणून पुढे ढकलतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना पण हीच चाळणी लावा. माझी आजी गिरगावातली, तिच्या तोंडून ट्रामच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो, ती घंटा, ते उतरताना सांभाळणं, पण ती सगळी विजेची ट्राम. घोड्यांची ट्राम बघितलेलं माणूस आज हयात असणं शक्यच नाही. कुणी ट्राम आणि घोडा एकत्र आठवून सांगत असेल तर शांतपणे ऐकून घ्या, वहीत लिहा, आणि बाजूला लिहा की यातला घोडा बहुतेक व्हिक्टोरियाचा. माणूस खोटं बोलत नसतं, आठवणी एकमेकीत मिसळतात एवढंच. मात्र आजीच्या आजोबांनी सांगितलेलं असं काही असेल तर ते सोनं आहे, शब्द न् शब्द जसाच्या तसा टिपा.

दुसरं काम घरी बसून करायचं, कागद पेन्सिल घेऊन, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजा यातच आहे. घोडा किती ओढू शकतो याचा हिशेब. साधारण ४०० किलोचा घोडा दिवसभर चालत राहून आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा जोर लावू शकतो, म्हणजे ४० किलो. सपाट रुळावर एक टन वजन हलतं ठेवायला ढोबळ १० किलो जोर धरा, घोडा ट्रामचे रूळ धूळमातीने भरलेले असायचे म्हणून जरा जास्तच धरलाय. खडीच्या रस्त्यावर याच्या कितीतरी पट जोर लागतो, म्हणूनच तर रूळ टाकले. आता समजा गाडी आणि माणसं मिळून ३ टन झाले. सपाटीवर लागले ३० किलो, एक घोडा पुरला. आता चढ आला, शंभरात एक, म्हणजे १०० मीटर चालल्यावर १ मीटर वर, डोळ्यांना तो चढ दिसतसुद्धा नाही, पण दर टनामागे आणखी १० किलो वाढले, एकूण ६० किलो, एका घोड्याचं काम राहिलं नाही, दुसरा जोडा. मुंबईच्या ट्रामला एक किंवा दोन घोडे असायचे असं सगळीकडे वाचायला मिळतं, त्याच्या मागे हे साधं गणित आहे. आणि हा सगळा हिशेब चालत्या गाडीचा, उभी गाडी हलवायला सुरुवातीचा झटका याहून खूप मोठा असतो. बाई लुगडं सावरत चढते म्हणून ट्राम थांबवली, मग पुन्हा काढली, मग पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा कुणीतरी हात केला, हे सगळं त्या जनावराच्या खांद्यावर.

म्हणून एक घोडा दिवसभर चालवताच येत नाही. काही तास ओढलं की सोडायचा, दुसरा जुंपायचा. कलकत्त्याच्या कंपनीकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी १६६ गाड्या आणि १००० घोडे होते, म्हणजे गाडीमागे सहा. मुंबईत स्टर्न्स आणि किट्रेजच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं म्हणतात. तुम्ही ज्या ट्रामचा शोध घेताय तिच्या किती गाड्या होत्या ते कळलं की घोडे किती लागले असतील, तबेला केवढा असेल, रोजचं गवत किती, याचा अंदाज याच रीतीने काढता येतो, आणि अंदाज हातात असला की नकाशावर काय शोधायचं ते कळतं. एकाच गाडीच्या हॉटेल ट्रामला मोठा तबेला नसणारच, तिथे हॉटेलच्या मागच्या बाजूला दोन-तीन घोड्यांची पागा शोधायची.

आता बूट घाला आणि निघा. रविवारी सकाळी साडेसहाला, त्याच्या नंतर कुलाब्याला पाय ठेवायला जागा नसते. सुरुवात इलेक्ट्रिक हाउसपासून करा, बेस्टची ती कुलाब्यातली इमारत. ट्राम कंपनीचं ऑफिस कॉजवेच्या पश्चिमेला होतं आणि घोड्यांचे तबेले जिथे आज इलेक्ट्रिक हाउस उभं आहे तिथे. मला या जागेचं फार कौतुक वाटतं, आधी घोडे, मग वीज आणि बस, म्हणजे दीडशे वर्षं शहराला ओढणाऱ्यांचाच पत्ता. थोडा वेळ समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि ९०० घोड्यांचा वास, लीद, गवताच्या गाड्या, नाल ठोकण्याचा आवाज हे सगळं त्या कोपऱ्यावर असेल तर काय असेल ते डोळ्यासमोर आणा. हे नुसतं भावनेपोटी नाही सांगत, एवढं गवत आणि एवढी लीद रोज आत-बाहेर करायला रुंद रस्ता आणि मोकळी जागा लागते, आणि त्या काळात तो शहराचा टोकाचा भाग होता, जागा होती. तबेला बहुतेकदा मार्गाच्या एका टोकाला सापडतो, मधे नाही, हे लक्षात ठेवा.

तिथून सरळ उत्तरेला. रीगल, मग काळा घोडा. इथे एक सूचना, काळा घोडा या नावाचा ट्रामशी काही संबंध नाही, ते नाव सातव्या एडवर्डच्या घोड्यावरच्या पुतळ्यावरून पडलंय, तो पुतळा आता राणीच्या बागेत आहे. नावात घोडा दिसला की धागा जुळवायचा मोह होतो, तो टाळा. त्याच चौकाजवळ वॉटसन हॉटेलची जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत आहे, ट्राम सुरू झाली तेव्हा हे शहरातलं नामांकित हॉटेल होतं. म्युरेनसारखी फक्त हॉटेलसाठीची ट्राम ही नव्हे, इथली ट्राम कारकुनांची, व्यापाऱ्यांची, कापूसवाल्यांची, कारण कापसाचा मोठा बाजार तेव्हा कुलाब्यालाच होता. पण हॉटेल, स्टेशन, बाजार हे बिंदू नकाशावर टाकून ठेवा, ट्राम कुणासाठी होती ते त्यावरून कळतं.

पुढे फ्लोरा फाउंटन, बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली नसती तर ही ट्राम अशी सरळ गेलीच नसती. क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे मात्र चूक होते बहुतेकांची, ते मोहम्मद अली रोडला लागतात आणि जे जे फ्लायओव्हरखालून चालत जातात. तो रुंद रस्ता विसाव्या शतकात इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काढलेला, १८७४ मधे तो नव्हताच. पायधुनीकडे जायची जुनी वाट म्हणजे अब्दुल रहमान स्ट्रीट, मी चालताना तीच धरतो. त्या अरुंद गल्लीत हातगाड्या आणि माणसांच्या गर्दीत उभं राहिलं की घोडा ट्रामचा वेग किती असणार हे पुस्तक न वाचता समजतं. कुलाबा ते पायधुनी साधारण पाच किलोमीटर, सुरुवातीला भाडं तीन आणे आणि तिकीट म्हणून कागदच नव्हता, लोक फुकट बसायला लागले तेव्हा त्याच वर्षी तिकिटं काढली, आणि भाडंही कमी करून दोन आणे केलं. भाड्याबद्दल एक सांगतो, तीन आणे म्हणजे १५ पैसे असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडेल, ते चूक आहे. रुपयाचे सोळा आणे, तेव्हा तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस पैसे. असले छोटे हिशेब स्वतः करून बघितले की कुठला मजकूर नुसता उतरवलेला आहे ते लगेच ओळखू येतं.

पाणी हा माझा आवडता धागा. विहार तलावाचं पाणी १८६० मधे नळाने शहरात आलं आणि त्यानंतर शेटलोकांनी जागोजाग प्याऊ बांधले. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एकट्यांनी ४० पाणपोयांना पैसे दिले. जुना प्याऊ दिसला की माणसांच्या तोटीकडे बघू नका, खाली बघा. गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीला दगडी कुंडी आहे का? ती जनावरांसाठी. बैल आणि घोडे दोघेही प्यायचे, त्यामुळे कुंडी दिसली म्हणजे ट्राम होतीच असं नाही, पण मार्गावरच्या कुंड्या नकाशावर एका ओळीत पडायला लागल्या की समजायचं ही जनावरांच्या वर्दळीची वाट. मस्जिद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायक यांचा १८७६ चा घड्याळाचा प्याऊ आहे, ट्राम सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांनी बांधलेला, पायधुनीहून फार लांब नाही, वाट थोडी वाकडी करून तो बघाच. कुंडीची कड हाताने चाचपा, रोज माना टेकून दगड कसा गुळगुळीत होतो ते कळेल.

आजारपणाचा धागा परळला नेतो. प्राण्यांच्या छळाविरुद्धची मुंबईतली संस्था १८७४ मधलीच, ट्रामच्याच वर्षातली. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल १८८३ चं, आणि त्याच आवारात १८८६ मधे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. ट्राममुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, शहरात बैलगाड्या होत्या, व्हिक्टोरिया होत्या, पण बारा वर्षांत हे तिन्ही उभं राहिलं यावरून शहर किती जनावरांच्या पायांवर चालत होतं ते दिसतं. तुमच्या डोंगरावरच्या ट्रामसाठीसुद्धा हाच प्रश्न विचारा, घोडा लंगडला तर त्याला कुठे न्यायचे?

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमधे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. १९०९ साली निघालेलं मुंबई शहराचं गॅझेटिअर आधी चाळा, त्यात कसली नोंद कुठल्या वर्षाची आहे ते कळलं की त्या तारखेची वर्तमानपत्रं मागवायची. वर्तमानपत्रात बातमीपेक्षा जाहिराती आणि टेंडरं बघा. गवताचं टेंडर, हरभऱ्याचं टेंडर, घोडे विकणे आहेत, यातून जे कळतं ते उद्घाटनाच्या भाषणातून कधीच कळत नाही. आणिक डेपोतलं बेस्टचं म्युझियमही बघण्यासारखं आहे, ट्रामची मॉडेल्स आहेत, फक्त उघडं असल्याची आधी खात्री करून जा.

आणि शेवटी माथेरान. म्युरेनसारख्या हॉटेल ट्रामचं गणित अंगात मुरवायचं असेल तर आपल्याला याहून चांगली शाळा नाही. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०७ मधे पूर्ण केली, म्हणजे मुंबईत विजेची ट्राम आली त्याच वर्षी. तिचा सगळ्यात कडक चढ वीसात एक. आता मघाचा हिशेब लावा, वीसात एक म्हणजे टनामागे ५० किलो जास्त, सपाटीचे १० मिळून ६०, तीन टनांच्या गाडीला १८० किलो, म्हणजे पाच घोडे आणि तेही दर थोड्या वेळाने बदलायचे. घाट चढायला घोडा ट्राम का नाही आणि इंजिनच का, याचं उत्तर या एका ओळीत आहे. डोंगरावर घोड्याची ट्राम चालते ती फक्त वर पोचल्यानंतर, जिथे वाट कड्याच्या कडेने जवळजवळ सपाट जाते तिथे. म्युरेनला तेच होतं, घाटाचं काम यंत्राने केलं आणि हॉटेलपर्यंतचं उरलेलं अंतर घोड्याने. माथेरानला रूळ टाकून कुणी ट्राम केली नाही, पण काम तेच चालू आहे, मोटारी गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्याला थांबतात आणि पुढे हॉटेलपर्यंत घोडे, डोक्यावर बॅगा घेतलेले हमाल.

तिथे जाताना गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी बारा मीटर घेऊन जा. सोबत एक मेजरिंग टेप आणि एक माणूस. मोबाईलमधल्या उंचीवर विसंबू नका, ती सहज पाच-दहा मीटर चुकते. नळीत पाणी भरून दोन टोकं दोघांनी दहा मीटरवर धरायची, पाण्याची पातळी जमिनीपासून किती ते दोन्हीकडे मोजायचं, १० सेंटिमीटर फरक आला तर शंभरात एक, ५० आला तर वीसात एक. दस्तुरीपासून बाजारापर्यंत प्रत्येक वळणाला एक माप घ्या.

घोडेवाल्यांशी बोला, पण धंद्याच्या वेळेत नको, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा चहा सांगा आणि मग विचारा. दिवसातून किती फेऱ्या, चंदी किती वेळा आणि कशाची, नाल किती दिवसांनी बदलतो, पावसाळ्यात घोडे कुठे नेता, कुठल्या चढाला घोडा नाखूष असतो. या शेवटच्या प्रश्नाला प्रत्येक घोडेवाला हात करून एकच जागा दाखवतो, आणि माझ्या नळीचं माप तिथेच सगळ्यात जास्त आलं होतं. मग एखाद्या रिकाम्या घोड्याबरोबर, मालकाला सांगून, त्याच्या खांद्याच्या बाजूने दस्तुरी ते बाजार चालत जा, मागून चालू नका, आणि तो जिथे जिथे स्वतःहून पाय आवरता घेतो तिथे तिथे वहीत खूण करत चला.